जिथं शिक्का, तिथं मुक्काम

हिमालयातून परत आलेल्या माणसाला मी विचारलं, "कसा आहे हो हिमालय?"

तो म्हणाला, "साडेदहाला उघडतो."

ही थट्टा नव्हती. थट्टा त्याला येत नव्हती. त्याच्या लेखी हिमालय म्हणजे डोंगरावर लांब लांब बांधलेल्या कचेऱ्या, आणि त्या साडेदहाला उघडत होत्या. मधला बर्फ, दऱ्या, नद्या हा सगळा कचेरीपर्यंत पोचायचा रस्ता. रस्त्याकडं कोण बघत बसतं?

तो माझा भाडेकरू. आदिलाबादेच्या लगत मावल्याला आमचा भाजीचा मळा, मळ्यात घर, घराच्या मागच्या अंगाला एक खोली. त्या खोलीत तो अकरा वर्षं राहिला. आदिलाबादेत कचेरीत दफ्तरी होता. दफ्तरी म्हणजे जुने कागद लाल कापडात बांधून फळीवर ठेवायचे, साहेबानं मागितले की काढून द्यायचे आणि परत बांधायचे. त्याला नावानं कोणी हाक मारत नव्हतं. दफ्तरी म्हटलं की तोच. लग्न झालं नव्हतं. मी एकदा विचारलं, काऊन नाही केलं? तर म्हणाला, "दोनदा अर्ज केला होता, बाई. मंजूर नाही झाला."

हा माणूस दर दोन वर्षांनी साठवलेली रजा काढायचा आणि सायकलवर निघायचा. एकदा राजस्थानचं वाळवंट, एकदा वरचे डोंगर. दोन-तीन महिने पत्ता नाही. सायकल साधी काळी, दूधवाल्याची असते तशी. पुढं पत्र्याची पाटी, तिच्यावर मराठी, हिंदी आणि तेलुगूत लिहिलेलं, ‘सायकल प्रवासी’. मी म्हटलं, राजस्थानात तेलुगू कोण वाचणार? म्हणाला, "परतताना भैंशापासून लागते." नागपूरच्या रस्त्यानं जायचा आणि नांदेड, भैंसा, निर्मल असा यायचा. गेला त्या रस्त्यानं परत येत नसे. त्या रस्त्यावरचे शिक्के झालेले असायचे.

शिक्क्यांसाठीच सगळं होतं. त्याच्याकडं एक जाड रजिस्टर होतं, कापडी पुठ्ठ्याचं. त्यात रकाने. तारीख, गाव, कोण भेटलं, त्याचा हुद्दा, दस्तखत, मोहर आणि शेवटी शेरा. ज्या गावात जाईल तिथं तो तलाठी, सरपंच, ठाणेदार, कोणी ना कोणी सरकारी माणूस गाठायचा आणि आपण इथं येऊन गेलो असं लिहून घ्यायचा. मोहर उठल्याशिवाय गाव सोडायचा नाही. शनिवारी दुपारनंतर पोचला तर सोमवारपर्यंत तिथंच. रविवार हा त्याच्या प्रवासातला सगळ्यात मोठा घाट होता. बाकीचे घाट सायकल ढकलत चढता येत होते.

"मोहर नसली तर काय होतं?" मी विचारलं.

"मग तिथं गेलोच नाही."

"अहो, पाय तुमचे तिथं होते ना?"

"पायाचं काय सबूत आहे, बाई? नोंद नाही तर घडलं नाही."

हे त्याचं नेहमीचं वाक्य. पाऊस पडला तरी तो पाऊस मोजायच्या नोंदीत आला का ते विचारायचा. कचेरीत आयुष्यभर लोकांचे जन्म-मृत्यू, वाटण्या, भांडणं लाल कापडात बांधली. ज्याचा कागद सापडला नाही तो माणूस त्याच्या डोळ्यांदेखत रडत परत गेला. असं रोज पाहिल्यावर माणूस डोंगरावर जाऊनही खाली कागद बघणार, त्यात नवल काय.

त्याचा सत्कार व्हायचा. आदिलाबादेत सत्कार करणारी माणसं खूप आहेत आणि सत्कार करण्यासारखी कमी, म्हणून हा त्यांना सापडला. निघताना हार, आल्यावर शाल. एकदा मी पण गेले होते. शाळेचं मैदान, सतरंजी, पोरं-पोरी बसलेली. कोणीतरी म्हणालं, वाळवंटातले अनुभव सांगा. तो उभा राहिला, रजिस्टर उघडलं आणि वाचायला लागला. अमुक तारीख, अमुक गाव, तलाठी हजर, मोहर गोल. अमुक तारीख, अमुक गाव, तलाठी लग्नाला गेलेले, दोन दिवस मुक्काम, मोहर लंबगोल. अर्धा तास झाला. अध्यक्ष झोपले. एका मास्तरनं घाईनं विचारलं, "उंट पाहिले का?"

त्यानं पानं चाळली. "नोंद नाही," म्हणाला.

वाळवंटातलं त्याचं एकच संकट मला माहीत आहे. ते पण त्यानं संकट म्हणून नाही सांगितलं. खेड्यापाड्यातल्या कचेरीत शिक्का असतो, पण शाईची गादी सुकलेली असते. म्हणून तो स्वतःची गादी जवळ बाळगायचा, पत्र्याच्या डबीत. एका ठिकाणी दिवसभर गाव आलं नाही. पाणी संपत आलं. डबी उघडून पाहिली तर उन्हानं गादी पण सुकायला आलेली. मग प्यायच्या पाण्यातलं दोन झाकणं पाणी त्यानं गादीला पाजलं.

"आणि तुम्ही?"

"मला संध्याकाळी मिळालं."

डोंगरातलं पण एक आहे. चार दिवस सायकल ढकलत तो एका खिंडीत वर पोचला. लोक म्हणे तिथं उभं राहून रडतात. हा वर गेला तर दगडांचा ढीग आणि चिंध्यांची निशाणं. माणूस नाही, कचेरी नाही. पलीकडं उतरून मिलिटरीच्या चौकीवर गेला. त्यांनी चहा पाजला, अंगावर घोंगडी टाकली. मोहर मात्र मोठ्या साहेबाकडं, आणि साहेब तीन दिवसांनी येणार. हा तीन दिवस तिथं थांबला. जवान म्हणायचे, बाबा, जरा बाहेर बघ, लोक पैसे खर्चून हे बघायला येतात. हा आत बसून रकाने आखायचा.

एवढं असलं तरी भाडेकरू म्हणून त्याच्यात खोट नव्हती. दाराला पाटी टांगलेली असायची. बाहेर जाताना तिच्यावर खडूनं वेळ लिहायचा, आल्यावर वेळ लिहायचा. मांजर हरवलं तर ते त्याच्या खोलीत कधीपासून कोंडलं आहे ते पाटीवरून कळायचं.

पहिल्यांदा तो निघाला तेव्हाचं सांगते. पहिली नोंद मावल्याची पाहिजे म्हणून सकाळीच आवरून बसला होता, आणि सरपंच गावाला गेलेला. मी म्हटलं, "मी करते दस्तखत. चौथी शिकली आहे मी, मराठी शाळेत. गिरवून नाही, लिहून करते."

त्यानं आदबीनंच सांगितलं. "नाही चालणार, बाई. तुमचा हुद्दा काय लिहू?"

"हा मळा बघते मी. विहीर, मोट, भाजी, बाजार, सगळं."

"मळा तुमच्या सासऱ्याच्या नावावर आहे. तुमचं नाव कुठंच नोंद नाही. मी दफ्तर पाहिलं आहे."

आणि तो सरपंचाची वाट बघत दुपारपर्यंत बसला. मला राग आला होता. पण तो खोटं बोलत नव्हता, म्हणून राग कोणावर काढायचा ते कळलं नाही. मी जाऊन वांग्याचं तण काढलं.

माझं नाव कुठंच नव्हतं, कारण माझा नवरा घरी नव्हता. तो कुंभाला म्हणून गेला आणि परत आला नाही. लोक म्हणाले साधू झाला. मी म्हटलं, सकाळी आठच्या आधी न उठणारा माणूस साधू कसा होईल? दोन वर्षांनी एक कार्ड आलं, राजस्थानातून, वाळवंटाच्या तोंडावरच्या एका गावातल्या धर्मशाळेतून. ‘मी बरा आहे. काळजी नसावी.’ एवढंच. काळजी मी करत नव्हतेच. मूल नव्हतं, सासू-सासरे गेलेले, चार एकर मळा आणि विहीर. मी राबत होते.

सहा वर्षं झाली आणि माझ्या धाकट्या दिरानं कचेरीत अर्ज दिला. भाऊ बेपत्ता आहे, मेला असेल, बापाची जमीन सगळी माझ्या नावावर लावा. दीर वाईट नव्हता. घरी येऊन, चहा पिऊन सांगून गेला.

"काऊन भांडून राह्यल्या, वैनी? तुमाले मूल नाही, बाळ नाही. जमीन घेऊन करता काय? जेवाले मी देतो ना."

"मी आता कोणाचं जेवून राह्यली?" मी म्हटलं. "माझंच ना?"

"मंग तेच जेवा. फक्त नाव माझं राहीन."

मी कचेरीत गेले. साहेब तेलुगू होते, हिंदीत बोलले. म्हणाले, दोन भावांची वाटणी होऊ शकते. पण तुझ्या नवऱ्यानं लिहून दिलं पाहिजे, की माझा हिस्सा बायकोच्या नावावर लावा. दस्तखत त्याचं पाहिजे, आणि तो राहतो तिथल्या सरकारी माणसाची मोहर पाहिजे. नाहीतर दिराचा अर्ज मंजूर. तारीख दिली, चार महिन्यांनंतरची.

मी त्या धर्मशाळेच्या पत्त्यावर दोनदा कागद पाठवला. उत्तर नाही. तिसऱ्यांदा पाठवत होते तेव्हा भाडेकरू दारात उभा होता. त्याची वाळवंटाची पाळी होती. त्यानं पाकीट हातात घेऊन पत्ता वाचला आणि म्हणाला, "हे गाव माझं राहिलं आहे."

म्हणजे तिथला शिक्का राहिला आहे. मी कागद त्याच्या हातात दिला. दुसरं कोण होतं?

तीन महिने गेले. पेशी, म्हणजे कचेरीतली तारीख, सोमवारी अकराला होती आणि रविवारपर्यंत त्याचा पत्ता नव्हता. रविवारी दुपारी भाजीचा व्यापारी निर्मलच्या बाजूनं आला आणि म्हणाला, "बाई, तुमचा दफ्तरी गुडीहत्नूरच्या फाट्यावर चहा पिऊन राह्यला. लय काळा पडला."

गुडीहत्नूर म्हणजे आमच्याच रस्त्यावर. तिथून निघाला तर दिवे लागायच्या आत घरी. मी भाकरी जास्तीची टाकली. तो आला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं. रविवार.

सोमवारी पहिल्या बसनं मी गुडीहत्नूरला गेले. पंचायतीच्या पायरीवर तो बसला होता. सायकल खांबाला साखळीनं बांधलेली, मांडीवर रजिस्टर, बाजूला गादीची डबी. तोंडाची कातडी सोललेली, ओठ फाटलेले. मला पाहून उठून उभा राहिला.

"तुम्ही कशाला तरास घेतला? मी बारा-साडेबारापर्यंत पोचतो."

"माझी पेशी अकराला आहे."

"इथं साडेदहाला उघडतं."

"अहो, तीन महिने उन्हातान्हात काढले, इथून घर दिसून राह्यलं. एक शिक्का राह्यला तर काय होते?"

तो म्हणाला, "मग मी घरी कुठून आलो?"

मी हात पुढं केला. "माझा कागद द्या."

कागद त्यानं जपून आणला होता. पत्र्याच्या नळीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सायकलच्या दांड्याला बांधून. आधी रजिस्टरच्या मागच्या पानावर ‘कागद मिळाला’ असं माझ्याकडून लिहून घेतलं, मग दिला. मी तिथंच उलगडून पाहिला. नवऱ्याचं दस्तखत, तेच, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढलेली. त्याच्याखाली गोल मोहर, जांभळी, एकेक अक्षर वाचता येईल अशी.

"तलाठी नव्हते," तो म्हणाला. "मेव्हण्याच्या लग्नाला गेले होते. चार दिवस थांबलो. म्हणून उशीर झाला."

दुसरा कोणी असता तर दस्तखत घेऊन आला असता आणि मोहर राहिली म्हणून हात वर केले असते. हे मला तेव्हा पण कळत होतं. पण बस सुटायला आली होती. तरी मी विचारलं. विचारणार नव्हते, पण विचारलं.

"कसा होता तो?"

"कोण?"

"कागदावर दस्तखत करणारा."

त्यानं विचार केला. खरंच केला, मी पाहिलं. मग म्हणाला, "दस्तखत साफ करतो."

मी बसमध्ये बसले.

कचेरीत दीर आधीच येऊन बसला होता. कारकुनानं माझा कागद साहेबांना वाचून दाखवला. साहेब दिराकडं वळले. दीर म्हणाला, हे माझ्या भावाचं दस्तखत कशावरून? मोहर कोणाची पण बनते, साहेब. बाजारात बनते.

साहेबांनी विचारलं, कागद कोणी आणला?

"तुमच्याच दफ्तरीनं," मी म्हटलं.

"तो कुठं आहे?"

"गुडीहत्नूरला. शिक्का मारून घेऊन राह्यला."

सगळे हसले. कारकून टेबलाखाली वाकून हसला. साहेबांनी आम्हाला बाहेर बसवलं. एक वाजता तो आला, धुळीनं माखलेला. आधी कचेरीतल्या पाटीवर आपली रजा उद्यापर्यंत आहे ते बघून घेतलं, म्हणजे आज तो नोकर नाही, साक्षीदार आहे. मग आत आला. साहेबांनी विचारलं, तू तिथं गेला होतास याला सबूत काय?

सबूत. त्या शब्दासाठीच तो जन्मला होता. त्यानं रजिस्टर टेबलावर उघडलं. एका बाजूला मावल्याच्या सरपंचाची मोहर, मग पैनगंगेपलीकडची, मग नागपूर, मग एकामागून एक, वाळवंटापर्यंत आणि तिथून परत, शेवटची गुडीहत्नूरची, अजून ओली. मध्ये एक दिवस रिकामा नव्हता. साहेब पानं उलटत राहिले. दीर पण मान लांब करून बघत होता. मग ते पान आलं. तलाठ्याची मोहर तीच, जांभळी गोल. आणि तिच्यावरच्या ओळीत माझ्या नवऱ्याची नोंद होती. नाव, बापाचं नाव, मूळ गाव मावला. हुद्दा, आचारी, धर्मशाळा.

आचारी. घरी त्याला चहा येत नव्हता.

शेऱ्याच्या रकान्यात बाकी सगळ्यांनी एकच लिहिलेलं, ‘प्रवासी सुखरूप पोचला, वर्तणूक चांगली.’ माझ्या नवऱ्यानं रकाना सोडून पान भरवलं होतं. दफ्तरी त्याला म्हणाला असेल, शेरा लिहा, जे खरं ते लिहा. त्याला आयुष्यात कोणी असं विचारलं नव्हतं. साहेबांना मराठी येत नव्हती, म्हणून कारकुनानं मोठ्यानं वाचलं.

‘पाहुणे सुखरूप पोचले. वर्तणूक चांगली. आमच्या लहान्याच्या पाठीवर उजवीकडे भाजल्याचा डाग आहे. तो चुलीवर पडला असे आईला सांगितले होते. तो पडला नव्हता. मी तापलेले उलथने मारले. त्याने आजवर कोणाला सांगितले नाही. आता आई नाही म्हणून लिहितो.’

कारकुनानं ते हिंदीत करून सांगितलं. साहेबांनी दिराला विचारलं, आहे का डाग? दिराचा उजवा हात आपोआप मागं गेला आणि सदऱ्यावरून पाठीवर थांबला. सगळ्यांनी पाहिलं.

मग तो म्हणाला, "दस्तखत त्याचंच हाय."

मी तिथं उभी होते. सहा वर्षांनी माणसाला पानभर जागा मिळाली. भावाच्या पाठीवरचा डाग आठवला, बायको आठवली नाही. पण हिस्सा लिहून दिला होता. मी हिस्सा घेतला. डाग दिराला राहू दे.

साहेबांनी हुकूम दिला, दोन एकर आणि अर्धी विहीर माझ्या नावावर. मग म्हणाले, हे रजिस्टर मिसलीला लावा. मिसल म्हणजे खटल्याची फाईल. मी म्हटलं, नक्कल काढून घ्या, हे त्याला परत द्या. साहेब काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "नक्कल नाही चालत, बाई. उद्या यांनी वरच्या कचेरीत अपील केलं तर अस्सल लागते."

साहेब सवयीनं म्हणाले, "दफ्तरी को बुलाओ."

कारकून म्हणाला, "साब, यही दफ्तरी है."

तेव्हा कोणी हसलं नाही. त्यानंच लाल कापड आणलं. माझा कागद, दिराचा अर्ज, वरती त्याचं रजिस्टर. गाठ मारली, चिठ्ठी लावली, फळीवर ठेवलं. आत गेलेलं बाहेर येत नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? फक्त पोच मागितली. ‘एक रजिस्टर मिळाले’, खाली कचेरीची मोहर. ती घडी करून खिशात ठेवली.

मी नंतर म्हटलं, "तुम्ही तर तिथंच बसता. दुपारचं काढून बघत जा की."

"साहेबांच्या हुकमाशिवाय गाठ सोडता येत नाही," तो म्हणाला. आणि तो सोडणारा नव्हता.

पुढच्या पाळीला तो निघाला नाही. रजा साठलेली होती, डोंगराची पाळी होती. सायकल खोलीच्या भिंतीला टेकून उभी. मी तिच्या कॅरियरवर भेंडीचं बी वाळत टाकलं. ते त्यानं हलवलं पण नाही. दारावरच्या पाटीवर वेळ लिहिणं पण कमी झालं. सत्कारवाले एकदा येऊन गेले. निघणार नाही म्हटल्यावर हार घेऊन परत गेले आणि दुसऱ्या कोणाला तरी घातला असेल.

मला हे बघवत होतं असं नाही, पण मी रडणारी बाई नाही. वर्षभरानं माझ्या नावाचं जमिनीच्या पट्ट्याचं पुस्तक आलं. त्यात माझं नाव, मावला, दोन एकर. मी बाजारात जाऊन एक जाड वही आणली. पट्टी घेऊन बसले आणि रकाने आखले. तारीख, गाव, नाव, हुद्दा, दस्तखत, मोहर, शेरा. रेघा वाकड्या आल्या. ती वही आणि पट्ट्याचं पुस्तक घेऊन त्याच्या दारात गेले.

"पहिली नोंद मावल्याची पाहिजे ना? घ्या. मी करते."

त्यानं आधी पट्ट्याचं पुस्तक घेतलं. माझं नाव वाचलं, मोहर उजेडात धरून पाहिली. मग वही घेतली. रेघा पाहिल्या, त्याला त्रास झाला असेल. पहिल्या पानावर कचेरीची ती पोच चिकटवली. दुसरं पान माझ्यापुढं केलं. हुद्द्याच्या रकान्यात मी लिहिलं, पट्टेदार. दस्तखत केलं. शेऱ्यात काय लिहू विचारलं तर म्हणाला, जे खरं ते. मी लिहिलं, ‘माणूस येडा आहे. कागद पक्का आणतो.’

त्यानं वाचलं. मान हलवली. मग बोट शेऱ्याच्या अलीकडच्या रिकाम्या रकान्यावर ठेवलं.

"मोहर?"

पट्टेदाराजवळ कुठली मोहर? मी तशीच उठले, मागं वाफ्यातून एक जून भेंडी तोडली, विळीवर आडवी चिरली. त्याच्या डबीतली गादी उघडली, भेंडी दाबली आणि रकान्यात ठसा उठवला. गोल, पाच पाकळ्यांचा, मध्ये बियांचे दाणे.

मला वाटलं, नाही म्हणेल. त्यानं पान उजेडात धरलं, वाळेपर्यंत फुंकर मारली.

"साफ उठली," म्हणाला.

आठवड्यानं तो निघाला. वाटेत राजस्थानचा कोपरा धरून वर डोंगरात. आला तेव्हा अर्धी वही भरलेली. मी विचारलं, माझी मोहर पाहून कोणी काही म्हटलं का? म्हणाला, तलाठ्यांनी पाहिली, ठाणेदारांनी पाहिली, वरती मिलिटरीच्या साहेबांनी पाहिली. सगळ्यांनी तिच्याखाली आपापली मोहर मारली. हे कोणतं खातं असं एकानं विचारलं नाही.

"एकानं विचारलं," मग तो म्हणाला आणि पान काढून दिलं. तीच धर्मशाळा, तेच दस्तखत, खाली ओढलेली शेपटी. हुद्दा, आचारी. "म्हणाला, ही भेंडी कोणाच्या वावरातली? मी हुद्द्याचा रकाना दाखवला. त्यानं वाचलं. मग दस्तखत केलं."

शेऱ्यात या वेळी दोनच वाक्यं होती. ‘भेंडी जून झाली आहे. वेळेवर तोडावी.’

मी वही परत दिली. म्हटलं, पुन्हा त्या बाजूला गेलात तर सांगा त्याला. ठशाला जूनच लागते. कवळी पिचते.